ब्राह्ममुहूर्त, घड्याळ आणि ‘उन्हाळी वेळ’

मुले अमेरिकेत स्थायिक झालेले अनेक रुग्ण चार-सहा महिन्यांची औषधे बरोबर घेऊन तिकडे जातात. मार्च महिन्यात त्यांचा दूरध्वनी येतो. तेथे घड्याळ एक तास पुढे केले, तर सकाळचे चूर्ण जुन्या सहाला घ्यावे की नव्या? प्रश्न वरकरणी क्षुल्लक आहे. परंतु औषधसेवनकालास द्रव्य व मात्रा यांच्याइतकेच महत्त्व देणाऱ्या आपणां वैद्यांस त्याचे उत्तर नीट देता आले पाहिजे, म्हणून हा लेखनप्रपंच.

‘उन्हाळी वेळ’, म्हणजेच डेलाइट सेव्हिंग टाइम, ही मूलतः थंड प्रदेशांची गरज होय. लंडन येथे वर्षातील सर्वांत मोठा दिवस साडेसोळा तासांहून अधिक, तर सर्वांत लहान दिवस आठ तासांहूनही कमी असतो. जून महिन्यात तेथील मूळ वेळेनुसार पावणेचारलाच सूर्य उगवतो. त्या वेळी लोक निजलेले असतात आणि तो प्रकाश वाया जातो. सायंकाळी मात्र दिवे लावावे लागतात. न्यूझीलंडचे कीटक-अभ्यासक जॉर्ज हडसन यांनी 1895 मध्ये, तर इंग्लंडमधील बांधकाम व्यावसायिक विल्यम विलेट यांनी 1907 मध्ये यावर उपाय म्हणून उन्हाळ्यात घड्याळच पुढे करावे, अशी सूचना मांडली. ती प्रथम राष्ट्रीय पातळीवर अमलात आणली जर्मनी व ऑस्ट्रिया-हंगेरी यांनी, 1916 साली, युद्धात कोळसा वाचावा म्हणून. या योजनेची खरी मोहिनी मात्र बचतीपेक्षा काम आटोपल्यावर मिळणाऱ्या लांब, उजेडी संध्याकाळीत आहे. अमेरिकेच्या इंडियाना राज्यात 2006 पासून ही पद्धत सर्वत्र लागू झाली, तेव्हा घरगुती विजेचा वापर घटण्याऐवजी सुमारे एक टक्का वाढल्याचे अभ्यासकांस आढळले.

आरोग्याच्या अंगाने पाहता, वसंतात घड्याळ पुढे केल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्यांचे प्रमाण काहीसे वाढते, असे स्वीडनमधील संशोधकांनी 2008 मध्ये प्रसिद्ध केले. पुढील अभ्यासांत हे प्रमाण सर्वत्र सारखे आढळले नाही. तरीही एका रात्रीत निद्रेचा एक तास कापला जातो, हे आपल्या शास्त्राच्या दृष्टीने उपेक्षणीय नाही. ऋतुसंधीत जुनी चर्या क्रमाक्रमाने सोडून नवी धरावी, असे वाग्भटाचार्य सांगतात. येथे सारा बदल एकदम, तोही नेमका वसंतात!

आपल्याकडेही हा प्रयोग होऊन गेला आहे. दुसऱ्या महायुद्धात 1 सप्टेंबर 1942 ते 15 ऑक्टोबर 1945 या काळात भारतातील घड्याळे एक तास पुढे होती. त्याआधी 1 जानेवारी 1906 रोजी भारतीय प्रमाणवेळ आली, तेव्हा मुंबईची स्थानिक वेळ तिच्याहून 39 मिनिटे मागे होती. आता तितके लवकर कामावर यावे लागणार, या समजुतीने गिरणी कामगारांनी त्याच महिन्यात निषेध केला आणि ‘मुंबई टाइम’ शहरात पुढे कित्येक दशके टिकून राहिला. त्या कामगारांची तक्रार आम्हांस अडाणीपणाची वाटत नाही. शरीर सूर्य ओळखते, सरकारी अधिसूचना नव्हे.

आता आपल्या येवल्याचे गणित पाहू. प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची, आणि येवला आहे सुमारे 74.5 अंशांवर. म्हणजे येथील सूर्य घड्याळाच्या सरासरी 32 मिनिटे मागे चालतो. जूनअखेरीच्या सुमारास सूर्योदय 5 वाजून 55 मिनिटांच्या आसपास, तर जानेवारीच्या मध्यास 7 वाजून 10 मिनिटांच्या सुमारास होतो. युद्धकाळातील जानेवारीत येथे घड्याळात आठ वाजून गेल्यावर सूर्य दिसत असणार. घड्याळ कायमचे अर्धा तास पुढे करावे, असा प्रस्ताव बंगळुरूच्या अभ्यासकांनी मांडलेला आहे. पूर्वेकडील राज्यांना तो सोयीचा असेलही. आपल्या शाळकरी मुलांना मात्र थंडीत काळोखात घर सोडावे लागेल.

ब्राह्ममुहूर्ताची योजना येथे पाहण्यासारखी आहे. रात्रीच्या पंधरा मुहूर्तांपैकी चौदावा मुहूर्त, हा अर्थ धरल्यास येवल्यात जूनमध्ये तो सुमारे साडेचारला, तर डिसेंबरमध्ये सव्वापाचच्या पुढे सुरू होतो. रात्र मोठी झाली की मुहूर्तही 43 मिनिटांवरून 52 मिनिटांपर्यंत वाढतो. पाश्चात्त्यांनी जे काम घड्याळाचा काटा सरकवून केले, ते आपल्या कालगणनेने रोज थोडेथोडे, कोणासही न कळत केले.

चिकित्सालयात याचा संबंध सर्वांत अधिक येतो तो शोधनपूर्व स्नेहपानात. आदल्या रात्रीचे अन्न जिरल्यावर, सूर्योदयाच्या सुमारास स्नेह द्यावा, हा नियम आपण सर्व जाणतो. व्यवहारात मात्र पत्रकावर ‘सकाळी 6’ असा शिक्का बाराही महिने असतो. जूनमध्ये तो बरोबर ठरतो. जानेवारीत त्या वेळी सूर्योदयास तासाहून अधिक अवकाश असतो आणि रात्री दहाला जेवलेल्या रुग्णाचे अन्न पुरते जिरलेले असेलच, असे नाही. मग मळमळ झाली की दोष तुपावर येतो! शार्ङ्गधराने सांगितलेल्या पाच औषधकालांपैकी पहिलाही सूर्योदयाचाच आहे.

परदेशस्थ रुग्णास आम्ही असे सांगतो: सकाळची मात्रा तेथील सूर्योदय पाहून घ्यावी, भोजनापूर्वीची, भोजनमध्याची व भोजनोत्तर मात्रा भोजनाबरोबर सरकवावी, निशाकालीची निजताना. मार्चमध्ये निजण्याची वेळ चार दिवस आधीपासून पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणावी. इन्सुलिनसारखे औषध चालू असल्यास त्याची वेळ तेथील डॉक्टरांस विचारूनच बदलावी. औषधालयचालक बंधूंनी पुडीवर तासाच्या आकड्याऐवजी ‘सूर्योदयानंतर, उपाशीपोटी’ असे छापल्यास तीच पुडी येवल्यात आणि न्यू जर्सीत, जूनमध्ये आणि जानेवारीत सारखीच चालेल.