मोबा खेळांतील प्राथमिक डावपेच

'मल्टिप्लेयर ऑनलाइन बॅटल अरीना' या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून 'मोबा' ही संज्ञा रूढ झाली आहे. आंतरजालाद्वारे एकाच रणभूमीवर समोरासमोर येणाऱ्या दोन संघांचा हा खेळप्रकार असून प्रत्येक संघात बहुधा पाच खेळाडू असतात. प्रतिपक्षाच्या तळातील मुख्य वास्तू उद्ध्वस्त करणारा संघ विजयी ठरतो. डोटा २, लीग ऑफ लेजेंड्स, मोबाईल लेजेंड्स व ऑनर ऑफ किंग्ज हे या प्रकारातील प्रसिद्ध खेळ होत. पोकेमॉन युनाइट हा खेळ याच कुळातील असला, तरी त्यात निकाल वास्तू पाडण्यावर न लागता गुणांवर लागतो.

प्रथमदर्शनी हा खेळ प्रतिपक्षाचे जास्तीत जास्त वीर मारण्याचा वाटतो व बहुतेक नवशिके त्याच समजुतीने खेळतात. प्रत्यक्षात मारलेल्या वीरांची संख्या निकालात धरली जात नाही. विजय ठरतो तो धन, अनुभव, भूभाग आणि वेळ यांच्या हिशेबावर. हा हिशेब समजावून देणाऱ्या प्राथमिक तत्त्वांचा परिचय या लेखात करून दिला आहे.

उगम व प्रसार

या प्रकाराचे मूळ स्टारक्राफ्ट (१९९८) या रणनीतिप्रधान खेळासाठी एका हौशी खेळाडूने तयार केलेल्या 'इऑन ऑफ स्ट्राइफ' या नकाशात सापडते. २००३ मध्ये वॉरक्राफ्ट ३ या खेळावर आधारलेला 'डिफेन्स ऑफ द एन्शंट्स', अर्थात 'डोटा', हा नकाशा पुढे आला व पुढील काही वर्षांत निरनिराळ्या हौशी रचनाकारांनी त्यात भर घातली. त्यातूनच ऑक्टोबर २००९ मध्ये रायट गेम्सचा लीग ऑफ लेजेंड्स व जुलै २०१३ मध्ये व्हॉल्व्ह या कंपनीचा डोटा २ असे दोन स्वतंत्र खेळ प्रसिद्ध झाले. स्मार्टफोनच्या प्रसारानंतर ऑनर ऑफ किंग्ज (२०१५) आणि मोबाईल लेजेंड्स (२०१६) यांनी हा प्रकार संगणकाबाहेर नेला.

रणभूमीची रचना

रणभूमी साधारणतः चौरस असून तिच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत दोन्ही संघांचे तळ असतात. या तळांना जोडणाऱ्या तीन वाटा असतात; खेळाडू त्यांना 'लेन' म्हणतात. वाटांच्या मधल्या प्रदेशाला 'जंगल' म्हणतात व तेथे कोणत्याही पक्षाचे नसलेले प्राणी असतात. प्रत्येक वाटेवर ठरावीक अंतराने बुरूज, म्हणजे 'टॉवर', उभे असतात. डोटा २ व लीग ऑफ लेजेंड्स या दोहोंत प्रत्येक संघाला ११ बुरूज मिळतात. बाहेरचा बुरूज पडल्याशिवाय त्याच वाटेवरील आतल्या बुरुजाला इजा करता येत नाही. त्यामुळे आक्रमण टप्प्याटप्प्यानेच करावे लागते.

दोन्ही तळांतून ठरावीक कालांतराने संगणकचलित सैनिकांच्या तुकड्या निघतात. डोटा २ मध्ये हे अंतर ३० सेकंदांचे असते. या सैनिकांना डोटामध्ये 'क्रीप' व लीग ऑफ लेजेंड्समध्ये 'मिनियन' म्हणतात. ते आपापल्या वाटेने चालत जाऊन समोरच्या तुकडीशी भिडतात. खेळाडू मात्र एकाच वीराचे, म्हणजे 'हीरो'चे, नियंत्रण करतो.

प्राथमिक डावपेच

भूमिका व वीराची निवड

डोटा २ मध्ये शंभराहून अधिक व लीग ऑफ लेजेंड्समध्ये दीडशेहून अधिक वीर उपलब्ध आहेत. ते सर्व शिकण्याचा प्रयत्न नवशिक्याने करू नये. एक भूमिका निश्चित करून तिच्यासाठी दोन किंवा तीन सोपे वीर निवडावेत व काही आठवडे तेच खेळावेत. वीराची चाल हाताला सवयीची झाली, म्हणजे लक्ष नकाशाकडे देता येते.

भूमिकांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील वीर आरंभी दुबळे असतात, पण धन मिळत गेल्यावर प्रबळ होतात. डोटामध्ये त्यांना 'कॅरी' म्हणतात. दुसऱ्या वर्गातील साहाय्यक, म्हणजे 'सपोर्ट', वीर थोड्या धनावरही उपयोगी पडतात. कॅरीचे रक्षण करणे, टेहळणीची साधने लावणे व चकमकीत प्रतिपक्षाला रोखून धरणे ही त्यांची कामे होत. पाचही खेळाडूंनी कॅरीच निवडल्यास वाटणीला येणारे धन कोणालाच पुरत नाही. म्हणून सहकाऱ्यांनी काय निवडले आहे हे पाहून उरलेली उणीव भरून काढणे श्रेयस्कर ठरते.

धन आणि अनुभव

डोटा २ आणि लीग ऑफ लेजेंड्समध्ये शत्रुसैनिकावर अखेरचा घाव घालणाऱ्यालाच त्याचे पूर्ण धन मिळते. या घावाला 'लास्ट हिट' म्हणतात. सैनिकावर सतत प्रहार करीत राहण्यापेक्षा त्याची शक्ती संपत येईपर्यंत थांबून योग्य क्षणी एकच घाव घालणे हे नवशिक्याने शिकावयाचे पहिले कौशल्य होय. अनुभवाचे गुण मात्र अखेरचा घाव न घालताही, केवळ जवळ उभे राहिल्याने मिळतात. त्यामुळे प्रतिपक्षाच्या दडपणामुळे धन मिळवणे अशक्य झाले, तरी वाट पूर्णपणे सोडू नये. सुरक्षित अंतरावर राहून अनुभव घेत राहावे.

सैनिकांवर सतत व जोराने प्रहार केल्यास आपली तुकडी पुढे सरकते आणि तिच्यामागे जाणारा वीर आपल्या बुरुजापासून दूर, उघड्यावर येतो. केवळ अखेरचे घाव घातले, तर दोन तुकड्यांची गाठ आपल्या बाजूला पडत राहते व बुरुजाचा आधार टिकतो. साठलेले धन लवकर वस्तूंत गुंतवावे. डोटा २ मध्ये वीर मेल्यास जवळच्या धनाचा काही भाग कमी होतो. आधी घेतलेल्या वस्तू मात्र टिकतात.

मृत्यूची किंमत

कबड्डीत बाद झालेला खेळाडू आपल्या संघाने गुण मिळवल्यावर मैदानात परत येतो. मोबा खेळात मेलेला वीर ठरावीक काळाने परततो आणि वीराची पातळी वाढते तसा हा काळही लांबत जातो. एका मृत्यूने होणारे नुकसान तिहेरी असते. मारणाऱ्याला धन व अनुभव मिळतो, मरणाऱ्याच्या वाट्याचे सैनिक त्या अवधीत वाया जातात आणि संघ चार जणांवर येऊन त्याची वाट उघडी पडते.

यावरून नवशिक्यासाठी पहिला नियम निघतो: मारण्याच्या संधीपेक्षा न मरण्याला अधिक मोल द्यावे. शत्रूची शक्ती थोडी उरली म्हणून त्याच्यामागे त्याच्या बुरुजाखाली धावत जाणे ही अत्यंत सामान्य चूक आहे. बुरूज सामान्यतः आधी सैनिकांवर मारा करतो. पण त्याच्या टप्प्यात उभे राहून शत्रुवीरावर प्रहार केल्यास तो लगेच प्रहार करणाऱ्याकडे वळतो. आपली तुकडी पुढे नसताना शत्रूच्या बुरुजाखाली जाऊ नये.

नकाशा व दृष्टी

रणभूमीचा जो भाग आपल्या वीरांच्या, सैनिकांच्या किंवा बुरुजांच्या नजरेबाहेर असतो, तेथील शत्रू दिसत नाही. डोटा २ मध्ये उंचावरून सखल भाग दिसतो, पण सखल भागातून उंचवट्यावरचे दिसत नाही. सह्याद्रीतील गड चढून शत्रूवर जाणे कठीण का असते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या नियमाचे मर्म लगेच कळेल.

पडद्याच्या कोपऱ्यातील छोट्या नकाशाकडे दर काही सेकंदांनी नजर टाकण्याची सवय लावावी. समोरचा वीर दिसेनासा झाला व अन्य वाटांवरही दिसत नसला, तर तो आपल्याच दिशेने येत आहे असे गृहीत धरून मागे सरावे. दबा धरून एकट्या वीराला गाठण्याच्या या डावाला 'गँक' म्हणतात. त्यावर प्रभावी उपाय म्हणजे टेहळणीचे साधन, 'वॉर्ड'. ते जंगलातून वाटेकडे येणाऱ्या तोंडांवर लावावे. वॉर्ड लावणे हे केवळ साहाय्यकाचे काम आहे अशी समजूत प्रचलित आहे. पण दृष्टी साऱ्या संघाला उपयोगी पडत असल्याने ज्याला शक्य असेल त्याने हातभार लावावा.

चकमकीनंतरचा निर्णय

मध्यंतरानंतर दोन्ही संघ एकत्र येऊन लढू लागतात. चकमक जिंकल्यावर काय करावयाचे, हा निर्णय चकमकीपेक्षा महत्त्वाचा असतो. शत्रूचे दोन-तीन वीर मेले असतील, तर ते परत येईपर्यंतचा अवधी ही जिंकणाऱ्या संघाची खरी कमाई होय. या अवधीत बुरूज पाडावा किंवा नकाशावरील बलाढ्य प्राणी मारावा. डोटा २ मधील रोशन मेल्यावर 'एजिस' ही वस्तू मिळते व ती बाळगणारा वीर मेल्यास पुन्हा उठतो. लीग ऑफ लेजेंड्समधील बॅरन नॅशर मारल्यास संघाचे सैनिक काही काळ बलवान होतात. चकमक जिंकून पाचही जण आपापल्या वाटेने विखुरले, तर विजयाचा लाभ फारसा उरत नाही.

उलट चकमक हरल्यास उरलेल्यांनी एकेकट्याने सूड घेण्यास जाऊ नये. एकेक करून मरण्याने प्रतिपक्षाला मिळालेला अवधी वाढतच जातो. सर्वजण परतेपर्यंत बुरुजाआड थांबावे.

सहकाऱ्यांशी संवाद

नकाशावर खूण करून इशारा देण्याची सोय बहुतेक मोबा खेळांत असते. तिला 'पिंग' म्हणतात. शत्रू दिसेनासा झाला किंवा अमुक बुरुजावर जमावे, इतके सांगण्यास ती पुरेशी असते व भाषेची अडचणही येत नाही. सहकाऱ्याच्या चुकीवर खेळ चालू असताना वाद घालू नये. लिहिण्यात गेलेले दहा सेकंद नकाशावरून नजर काढून घेतात. अपशब्द वापरणाऱ्याचा आवाज बंद करण्याची सोयही उपलब्ध असते व तिचा वापर निःसंकोचपणे करावा. माणसांविरुद्ध खेळण्यापूर्वी संगणकचलित संघाविरुद्ध सराव करावा व हरलेल्या सामन्याचे मुद्रण पुन्हा पाहून आपला वीर कोठे व का मेला याची नोंद ठेवावी.

जोडणी, अंतर आणि वेळ

खेळाडूची आज्ञा सर्व्हरपर्यंत जाऊन उत्तर परत येण्यास लागणाऱ्या वेळेलाही 'पिंग' म्हणतात व ती मिलिसेकंदांत मोजतात. प्रकाशतंतूतून संदेश एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो. बुलढाणा ते मुंबई हे हवाई अंतर सुमारे ३८० किलोमीटर आहे, म्हणजे मुंबईतील सर्व्हरपर्यंत जाऊन येण्यास केवळ अंतरामुळे ४ मिलिसेकंदच लागतात. सिंगापूर सुमारे ३,७०० किलोमीटर दूर असल्याने तोच आकडा ३७ पर्यंत जातो. प्रत्यक्षातील पिंग याहून बरीच अधिक असते, कारण संदेश सरळ रेषेत जात नाही. तरीही जिल्ह्याच्या गावातून खेळणाऱ्याचे नुकसान मुंबईपासूनच्या अंतराने होत नाही. ते मोबाईल मनोऱ्याच्या क्षीण संकेताने, सायंकाळच्या गर्दीने व खंडित होणाऱ्या विजेने होते. म्हणून खेळाच्या मांडणीत सर्वांत जवळचा सर्व्हर-विभाग निवडावा. डोटा २ मध्ये भारतासाठी स्वतंत्र विभाग आहे.

डोटा २ चा सामना बहुधा अर्धा ते पाऊण तास चालतो. मोबाईलवरील सामने त्याहून लहान असतात. पोकेमॉन युनाइटचा नेहमीचा सामना १० मिनिटांचा असतो. सामना अर्धवट सोडल्यास उरलेल्या चौघांना पाच जणांविरुद्ध खेळावे लागते. डोटा २ मध्ये पाच मिनिटांहून अधिक काळ जोडणी तुटल्यास सामना सोडल्याची नोंद होते व वारंवार तसे झाल्यास खेळाडूला निम्न प्राधान्याच्या रांगेत टाकले जाते. वीज गेली की सामना स्वेच्छेने सोडला, हा भेद संगणक करीत नाही. त्यामुळे भारनियमनाच्या वेळेच्या तोंडावर, शिकवणीला निघण्यापूर्वी किंवा परीक्षेच्या आदल्या रात्री सामना सुरू न करणे हाही एक डावपेचच म्हणावा लागेल. आपल्याजवळ मोकळा वेळ किती आहे ते पाहून खेळ निवडावा.

भारत व महाराष्ट्र

एप्रिल २०१९ मध्ये मुंबईतील वरळी येथील एनएससीआय डोममध्ये 'ईएसएल वन मुंबई' ही डोटा २ ची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. तिची एकूण पारितोषिक रक्कम ३ लाख अमेरिकी डॉलर होती व फिलिपाइन्सस्थित मिनेस्की हा संघ विजेता ठरला. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ अॅपांत मोबाईल लेजेंड्सचा समावेश होता. त्यामुळे या खेळात घडत असलेल्या भारतीय खेळाडूंची वाट एकाएकी खुंटली.

ऑगस्ट २०२२ मध्ये बर्मिंगहॅम येथे झालेल्या राष्ट्रकुल ई-क्रीडा स्पर्धेत भारताच्या डोटा २ संघाने कांस्यपदक मिळवले. २०२३ मध्ये झालेल्या हांगचौ आशियाई क्रीडा स्पर्धेत ई-क्रीडांना प्रथमच पदकांचा दर्जा मिळाला. तेथे भारताचा लीग ऑफ लेजेंड्स संघ उपान्त्यपूर्व फेरीत व्हिएतनामकडून पराभूत झाला व दक्षिण कोरियाने सुवर्णपदक पटकावले.

कायदा व आरोग्य

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-क्रीडा हा विषय युवक कल्याण व क्रीडा मंत्रालयाकडे सोपवला. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक अधिनियमाने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांना मनाई केली व ई-क्रीडांना त्यांपासून वेगळे मानून मान्यता दिली. कौशल्यावर आधारित स्पर्धेतील पारितोषिक व सामन्याच्या निकालावर लावलेली पैज या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे विद्यार्थ्यांनी व पालकांनी ध्यानात घ्यावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' या विकाराचा समावेश आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, अन्य कामांपेक्षा खेळाला प्राधान्य देणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे ही त्याची लक्षणे असून निदानासाठी ती सामान्यतः किमान १२ महिने दिसावी लागतात. केवळ अधिक वेळ खेळणे म्हणजे हा विकार नव्हे.

हे सुद्धा पहा

ई-क्रीडा
डोटा २
लीग ऑफ लेजेंड्स
कबड्डी