दुसरी बॅटरी? आधी गणित!

व्हॅन काढायची, कोकण गाठायचं, गाडीतच झोपायचं. सॉलिड फंडा! पण आमच्यासोबत बाबा येतात आणि त्यांचं इन्सुलिनही. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत हवं, म्हणजे रात्री फ्रिज बंद पडून चालणार नाही. म्हणून मी व्हॅनमधल्या घरगुती वापराच्या बॅटरीला जोडीदार आणला.

हिशोब बघा. १०० अँपिअर-अवरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्मीच वापरावी, नाहीतर तिचं आयुष्य घटतं. १२ व्होल्टचा छोटा फ्रिज उन्हाळ्यात दिवसाला ३०-४० सहज खातो. वर पंखा, दिवे, मोबाइल आलेच!

दुसरी घेताना प्रकार तोच, क्षमता तीच, वयही तेच. जुनी थकली असेल तर दोन्ही नव्या घ्या. प्लसला प्लस, मायनसला मायनस. सीरिजमध्ये जोडलीत तर २४ व्होल्ट, आणि फ्रिजचा खेळ खल्लास! मेन वायर्स एकीच्या प्लसवरून नि दुसरीच्या मायनसवरून घ्या, म्हणजे दोघी सारख्याच राबतात. प्रत्येकीला वेगळा फ्यूज मस्ट.

आणि हो, टाकी मोठी केली म्हणून नळाला जास्त पाणी येत नाही. मी सोलर पॅनलही वाढवलं. चार्जिंग तेवढंच ठेवलंत, तर दुसरी बॅटरी म्हणजे नुसतं तीसेक किलोंचं ओझं!