रोग बरा झाल्यानंतर

मोठ्या कुटुंबांत अर्धांगवायूनें अंथरुणास खिळलेलें एखादें वडील माणूस बहुधा असतेंच, किंवा होऊन गेलेलें असतें. घरांतील मंडळी त्याची सेवा मनोभावें करितात. सून घास भरविते, मुलगा सदरा चढवितो, नातवंडें पाण्याचें भांडें ओठांशीं धरितात. प्राणावरचें संकट टळलें, आतां देव ठेवील तसें राहावें, अशी सर्वांची समजूत असते. परंतु गेल्या शतकांत विश्वविद्यालयांतून वैद्यकाची एक नवी शाखा उदयास आली, आणि तिचा पहिलाच प्रश्न असा कीं, रोग्याचा जीव वांचला खरा, पण त्याचें जीवन त्यास परत मिळालें काय?

या शाखेस इंग्रजींत रिहॅबिलिटेशन मेडिसिन म्हणतात. आपण पुनर्वसनवैद्यक म्हणूं. चरकसंहितेंत शिष्यांस उपदेश करणाऱ्या आत्रेय ऋषींचें नांव पुनर्वसु असें आहे. ‘वसु’ म्हणजे धन. गेलेलें धन पुन्हां मिळवून देणारा, असा या नांवाचा अर्थ घेतला, तर या शास्त्रास याहून शोभणारा मूळपुरुष सांपडणार नाहीं.

शाखा वाढीस लागली ती महायुद्धांमुळें. पहिल्या महायुद्धांत पाठीच्या कण्यास इजा झालेले बहुतेक सैनिक शय्याव्रणांनीं व मूत्रमार्गाच्या विकारांनीं मरत. नाझी जर्मनींतून १९३९ सालीं इंग्लंडांत आश्रयास आलेले मज्जातंतुतज्ज्ञ लुडविग गुटमान यांच्याकडे १९४४ च्या फेब्रुवारींत स्टोक मँडेव्हिल येथील नवा विभाग सोंपविण्यांत आला. त्यांनीं रात्रंदिवस दर दोन तासांनीं रोग्याची कूस बदलण्याचा दंडक घातला, आणि व्रणें टळूं लागलीं. मग त्यांनीं रोग्यांस कामास लाविलें व खेळावयास लाविलें. २९ जुलै १९४८ रोजीं, लंडनच्या ऑलिंपिकच्या आरंभदिनींच, १६ जणांनीं चाकांच्या खुर्चींत बसून धनुर्विद्येची स्पर्धा केली. आजच्या पॅरालिंपिकचें मूळ तें हेंच.

अमेरिकेंत फ्रँक क्रूसेन प्रभृतींच्या खटपटीनें १९४७ सालीं ही स्वतंत्र वैद्यकशाखा म्हणून मान्य झाली, आणि हॉवर्ड रस्क यांनीं न्यूयॉर्क विश्वविद्यालयांत तिची मोठी संस्था उभारली. तेथें शिकून गेलेल्यांत डॉ. मेरी व्हर्गीज ही एक भारतीय बाई होती. १९५४ सालीं मोटारीच्या अपघातांत तिचें कमरेखालील शरीर लुळें पडलें. तरी डॉ. पॉल ब्रँड यांच्या मार्गदर्शनाखालीं चाकांच्या खुर्चींत बसून तिनें महारोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या. पुढें रस्क यांच्या संस्थेंत शिक्षण घेऊन वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत या शाखेची धुरा वाहिली. १९६६ सालीं तेथें पुनर्वसनसंस्था सुरू झाली, आणि १९७२ सालीं तिला पद्मश्री मिळाली. आपल्या मुंबईसहि हाजीअली येथें १९५५ पासून या शाखेची अखिल भारतीय संस्था आहे.

एम्. बी. बी. एस्. झाल्यावर तीन वर्षें अभ्यास करून या शाखेची एम्. डी. पदवी घेतां येते. त्या विद्यार्थ्यास स्नायु, सांधे व मज्जातंतु यांच्या ज्ञानाबरोबरच कृत्रिम अवयव, आधारपट्ट्या, वाचादोष यांचीहि माहिती लागते. शिवाय व्यायामोपचार करणारे, वाचोपचार करणारे, कृत्रिम पाय बनविणारे कारागीर अशा अनेकांबरोबर त्यास काम करावें लागतें. येथें वैद्य हा एकटा कर्ता नसून कुटुंबप्रमुखासारखा सर्वांचा मेळ घालणारा असतो.

संशोधनानें या शाखेस काय दिलें, याचीं दोन उदाहरणें पुरेत. एडवर्ड टाउब या मानसशास्त्रज्ञास माकडांवरील प्रयोगांत असें दिसलें कीं, एका हाताची संवेदना नाहींशी झाली कीं माकड तो हात वापरणेंच सोडतें; पण चांगला हात बांधून ठेविला, तर निकामी वाटलेल्या हातानें काम करूं लागतें. म्हणजे कांहीं अंशीं निकामीपणा हाहि संवयीनें जडतो. या तत्त्वाची कसोटी अमेरिकेंत २२२ अर्धांगवायूच्या रोग्यांवर घेण्यांत आली. चांगल्या हातावर जागेपणीं बहुतेक वेळ मोजा चढवून, दोन आठवडे दुबळ्या हाताकडून कसून काम करवून घेतलें. २००६ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: त्या हाताची सुधारणा वर्षानंतरहि टिकून होती. मात्र हे रोगी मनगट व बोटें थोडीं तरी हलवूं शकणारे होते, हें विसरूं नये. तज्ज्ञावांचून घरीं हा प्रयोग करणें योग्य नव्हे.

दुसरें उदाहरण उतावीळपणास लगाम घालणारें आहे. लवकर उठविलें तितकें बरें, या समजुतीची परीक्षा २,१०४ रोग्यांवर झाली. २०१५ सालीं असें आढळलें कीं, झटका आल्यापासून चोवीस तासांच्या आंत उठवून वारंवार चालविलेल्या रोग्यांपैकीं तीन महिन्यांनीं चांगल्या स्थितींत असलेले शेंकडा ४६ होते. नेहमींच्या उपचारांतील शेंकडा ५०. सद्धेतु असला तरी मोजमापावांचून विश्वास ठेवूं नये, हा विश्वविद्यालयाचा धर्म येथें उपयोगीं पडला.

यांतून गृहस्थाश्रमी माणसानें बोध घ्यावा तो असा. मुलाचा हात धरून पाटीवर अक्षर गिरविणारा शिक्षक पुढें हात सोडतो, तेव्हांच मूल लिहूं लागतें. आजाऱ्याच्या बाबतींतहि तेंच आहे. वैद्यानें परवानगी दिल्यावर आजोबांच्या दुबळ्या हातांत चमचा द्यावा. आमटी धोतरावर सांडेल, जेवणास दुप्पट वेळ लागेल, सुनेचा जीव कासावीस होईल, तरी थांबावें. भरवून घातलेल्या घासानें पोट भरतें, पण स्वतः घेतलेल्या घासानें माणूस घराच्या पंक्तींत परत येतो.

आणि घरांतील एखाद्या मुलानें वा मुलीनें वैद्यक शिकतांना हीच शाखा पसंत केली, तर शस्त्रक्रियेइतकी ती नांवाजलेली नाहीं म्हणून वडील मंडळींनीं नाक मुरडूं नये. इथलें यश सावकाश येतें. पण ज्याच्या घरीं येतें, तो त्याचें मोल जाणतो.