घरच्या विमानाला इंजिन कुठले लावाल?

रस्त्यात गाडीचे इंजिन बंद पडले, तर तुम्ही गाडी कडेला घेता, बॉनेट उघडता, फार तर मेकॅनिकला फोन करता. आकाशात मात्र कडेला थांबायची सोय नाही. म्हणून हौसेने विमान बांधणाऱ्यासमोर सर्वांत अवघड प्रश्न असतो तो इंजिनाचा.

घरी विमान बांधणे ही नुसती कल्पना नाही. वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर ६ आसनी विमान बांधले आणि २०१६च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात लोकांनी ते पाहिले.

गाडीचे इंजिन चालेल का?

स्वस्त आहे, सहज मिळते, मग तेच का नको? लोकांनी हा प्रयोग केलाही आहे. अमेरिकेत बर्नार्ड पीटनपोल यांनी १९२९ मध्ये फोर्ड 'मॉडेल ए' मोटारीच्या इंजिनावर आपले 'एअर कॅम्पर' विमान उडवले. फोक्सवॅगन बीटलचे इंजिनही अशा विमानांत लोकप्रिय झाले, कारण ते हवेने थंड होते. रेडिएटर आणि पाण्याचे वजन वाचते.

पण सपाट रस्त्यावर गाडी इंजिनाची थोडीच ताकद वापरते. विमानाला उड्डाण करताना पूर्ण आणि पुढे सतत ६५ ते ७५ टक्के ताकद लागते. भरलेली गाडी घाट चढते आहे आणि घाट संपतच नाही, असे समजा. त्यामुळे गाडीचे इंजिन तसेच उचलून बसवता येत नाही.

फेऱ्यांचे गणित

प्रोपेलर फार वेगाने फिरला, तर त्याची टोके आवाजाच्या वेगाजवळ पोहोचतात. मग गोंगाट वाढतो आणि ओढ कमी होते. यावर दोन उपाय आहेत.

पहिला, मोठे पण संथ इंजिन. लायकमिंग ओ-३२० हे ५.२ लीटरचे इंजिन मिनिटाला २,७०० फेऱ्यांत सुमारे १५० अश्वशक्ती देते. प्रोपेलर थेट त्यालाच जोडलेला असतो. आजच्या गाड्यांपुढे ते जुनाट वाटेल, पण मध्ये गिअरबॉक्स नसल्याने बिघडायला तेवढे भाग कमी.

दुसरा, लहान पण चपळ इंजिन. रोटॅक्स ९१२ यूएलएस हे १.३५ लीटरचे इंजिन ५,८०० फेऱ्यांत १०० अश्वशक्ती देते. गिअरबॉक्स प्रोपेलरचे फेरे २,४०० च्या आसपास आणतो. वजन कमी, मात्र गिअरबॉक्स आणि रेडिएटर दोन्ही सांभाळावे लागतात.

या दोन्ही इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला २ स्पार्क प्लग आणि ठिणगीच्या २ स्वतंत्र यंत्रणा असतात. एक बंद पडली, तरी दुसरी इंजिन चालू ठेवते. उड्डाणापूर्वी वैमानिक दोन्ही एकेक करून तपासतो.

आणि बॅटरी?

पिपिस्ट्रेलच्या 'वेलिस इलेक्ट्रो' या विद्युत विमानाला २०२० मध्ये युरोपात मान्यता मिळाली. पण बॅटरी पेट्रोलच्या मानाने खूप जड असल्याने ते तासाभराच्या आतच उतरवावे लागते.

निवडताना हे बघा

* विमानाच्या आराखड्यात सांगितलेलेच इंजिन घ्या. वजन बदलले, की विमानाचा तोल बदलतो.
* किमतीबरोबर सुटे भाग आणि जाणकार मेकॅनिक कुठे मिळतील, तेही विचारा.
* इंजिन बंद पडले, तरी विमान दगडासारखे कोसळत नाही, तरंगत खाली येते. तसे उतरवण्याचा सराव आधीच करा.

अश्वशक्तीचा आकडा मित्रांना सांगायला छान असतो. शेजारच्या आसनावर आपले माणूस बसणार असेल, तर न थांबता चालणारे इंजिनच निवडा.