ट्रान्सनिस्ट्रियातील रशियन प्रभाव : स्वरूप व परिणाम

प्रस्तावना :
१९९१ मध्ये सोव्हिएत संघाचे विघटन होऊन पंधरा राष्ट्रे स्वतंत्र झाली. मोल्डोव्हा हे त्यांपैकी एक. त्याच्या पूर्व सीमेवरील ट्रान्सनिस्ट्रिया या चिंचोळ्या प्रदेशाने मात्र २ सप्टेंबर १९९० रोजीच वेगळेपणाची घोषणा केली होती. संयुक्त राष्ट्रांच्या एकाही सदस्य राष्ट्राने, अगदी रशियानेही, त्यास मान्यता दिलेली नाही. मान्यता न देताही बाह्य सत्ता फुटीर प्रदेशावर प्रभाव कसा राखते, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

लष्करी व राजकीय प्रभाव :
१९९२ च्या युद्धात तेथील १४ व्या रशियन सेनेने फुटीरतावाद्यांना साहाय्य केले. २१ जुलै १९९२ च्या युद्धबंदी कराराने रशिया शांतिरक्षकही बनला. १९९९ च्या इस्तंबूल शिखर परिषदेत सैन्य मागे घेण्याचे दिलेले आश्वासन पूर्णतः पाळले गेले नाही. २००३ मध्ये रशियाने संघराज्याचा ‘कोझाक प्रस्ताव’ मांडला. त्यानुसार राष्ट्रीय निर्णय रोखून धरण्याची शक्ती ट्रान्सनिस्ट्रियास मिळाली असती. मोल्डोव्हाचे तत्कालीन अध्यक्ष व्होरोनिन यांनी तो ऐनवेळी नाकारला. यावरून, प्रदेश तोडण्यापेक्षा त्याच्याद्वारे संपूर्ण मोल्डोव्हावर अंकुश ठेवणे हे रशियाचे उद्दिष्ट असल्याचे दिसते.

आर्थिक प्रभाव :
सैन्यापेक्षाही परिणामकारक साधन म्हणजे नैसर्गिक वायू होय. गॅझप्रॉमच्या वायूचे मूल्य ट्रान्सनिस्ट्रियाने वर्षानुवर्षे चुकते केले नाही. स्थानिक ग्राहकांकडून मिळणारी रक्कम तेथील प्रशासनाच्या तिजोरीत जात असे व थकबाकी मोल्डोव्हाच्या वायू कंपनीच्या नावे वाढत असे. याच वायूवर कुचुर्गान केंद्रात निर्माण होणारी वीज मोल्डोव्हा विकत घेई. परिणामी तोही परावलंबी झाला.

१ जानेवारी २०२५ रोजी युक्रेनमार्गे होणारी रशियन वायूची वाहतूक थांबली. मोल्डोव्हाच्या थकबाकीचे कारण देऊन गॅझप्रॉमने पर्यायी मार्गानेही पुरवठा केला नाही. ऐन हिवाळ्यात ट्रान्सनिस्ट्रियातील घरे उष्णतेविना व गरम पाण्याविना राहिली, बहुतांश उद्योग बंद पडले. फेब्रुवारीत युरोपीय संघाच्या अर्थसाहाय्याने मोल्डोव्हामार्गे वायू पोहोचला.

समारोप :
अशा संघर्षांना अभ्यासक ‘गोठलेले संघर्ष’ म्हणतात. परंतु हे संघर्ष आपोआप गोठत नाहीत. सैन्य, सवलती व थकबाकी यांच्या आधारे ते तसे राखले जातात. संरक्षक सत्तेचे औदार्य तिच्या हितसंबंधांपुरतेच टिकते आणि ते संपताच त्याची किंमत सामान्य नागरिकांना मोजावी लागते, हा या उदाहरणाचा निष्कर्ष आहे.