मानेच्या शिरा आणि देशोदेशीचे दर

एखादा आजार असाध्य आहे असे डॉक्टरांनी सांगितले, म्हणजे घरातली माणसे दोन प्रश्न विचारतात. यावर जगात कुठे उपाय आहे काय, हा पहिला. आणि तो कुठे स्वस्तात होईल, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाला कोणी 'होय' म्हटले की त्या उत्तराची फारशी उलटतपासणी न करता माणूस दुसऱ्याकडे वळतो. यात त्याचा दोष नाही. औषधाचे गुणदोष त्याला पारखता येत नाहीत. पैशाचा हिशेब मात्र येतो. २००९ नंतरच्या काही वर्षांत कॅनडातील हजारो कुटुंबांनी असाच एक हिशेब मांडला. पोलंडमध्ये किती, बल्गेरियात किती, मेक्सिकोत किती, आणि हिंदुस्थानात किती? तो हिशेब कसा मांडला गेला आणि कुठे चुकला, हे आज आपल्यापुढे ठेवायचे आहे.

आधी रोगाची ओळख करून घेऊ. त्याचे नाव मल्टिपल स्क्लेरॉसिस. आपल्या मज्जातंतूंवर, विजेच्या तारेवर रबरी वेष्टन असावे तसे, मायेलिन नावाचे एक स्निग्ध आवरण असते. या रोगात शरीराची स्वतःची संरक्षक व्यवस्थाच या आवरणावर उलटते. मेंदूत आणि पाठीच्या कण्यातील रज्जूत जागोजाग ते आवरण झिजते, तिथे वण पडतात आणि तारेतून जाणारा निरोप अडखळतो. कुणाची दृष्टी अंधुक होते, कुणाचा पाय जड पडतो, कुणाला असा थकवा येतो की आंघोळ करणे हेच दिवसभराचे काम होऊन बसते. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील शार्को या वैद्याने १८६८ मध्ये या रोगाचे नीट वर्णन केले. तो बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान गाठतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक. विषुववृत्तापासून दूरच्या थंड देशांत त्याचे प्रमाण जास्त. कॅनडा त्यात अग्रभागी आहे. आपल्याकडे प्रमाण कमी आहे, म्हणून पुष्कळांनी हे नाव प्रथमच ऐकले असेल.

या रोगाचा एक स्वभाव ध्यानात ठेवावा, तो पुढे कामाला येईल. बहुसंख्य रोग्यांत सुरुवातीची अनेक वर्षे तो भरती-ओहोटीसारखा वागतो. झटका येतो, काही आठवडे राहतो, आणि पुष्कळदा आपणहून ओसरतो. ओसरण्याच्या सुमारास जो उपचार चालू असेल, त्याच्या पदरात यश आपोआप पडते.

आता शिरांकडे वळू. शाळेच्या जुन्या पुस्तकांत रोहिणी आणि नीला असे दोन शब्द होते. हृदयातून रक्त नेणारी ती रोहिणी आणि परत आणणारी ती नीला. मेंदूतून परतणारे बरेचसे रक्त मानेच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या नीलांतून खाली येते. इटलीतील फेरारा विद्यापीठाचे शल्यवैद्य पाओलो झांबोनी हे मुळात नीलांच्या विकारांचे अभ्यासक. त्यांच्या पत्नीला हा रोग झालेला. २००९ मध्ये त्यांनी असे प्रतिपादन केले की या रोग्यांच्या मानेतील व छातीतील नीला अरुंद झालेल्या असतात, रक्त तुंबते, मागे फिरते, मेंदूत लोहाचा अंश साठतो, आणि त्यातून हा दाह पेटतो. मग उपाय सरळच होता. जांघेतील शिरेतून बारीक नळी सरकवत मानेपर्यंत न्यायची, तिच्या टोकाचा फुगा फुगवायचा आणि अरुंद जागा रुंद करायची. हृदयाच्या रोहिण्यांसाठी हेच तंत्र ग्रुंट्सिग यांनी १९७७ मध्ये झुरिच येथे प्रथम वापरले होते, आणि आज आपल्या जिल्ह्याच्या गावीही 'अँजिओप्लास्टी' हा शब्द परका राहिलेला नाही.

ही कल्पना वेडगळ होती असे कोणी समजू नये. वणांच्या मधोमध बहुधा एक बारीक शीर असते, हे १८६३ मध्येच रिंडफ्लाइश या जर्मन शास्त्रज्ञाने पाहिले होते; आज निदान करतानाही त्या खुणेचा उपयोग होतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या ट्रेसी पटनम यांनी शिरांतील गुठळ्यांना दोष देऊन रक्त पातळ करणारी औषधे रोग्यांना देऊन पाहिली होती. शंका जुनी होती. पुरावा मात्र तेव्हाही नव्हता. झांबोनींनी आपल्या पहिल्या ६५ रोग्यांवर उपचार केले, तेव्हा कोणाला खरा उपचार मिळाला आणि कोणाला नाही, हे लपवून केलेली तुलना त्यात नव्हती. सर्वांना फुगा, सर्वांना ठाऊक, आणि तपासणाऱ्यांनाही ठाऊक.

नोव्हेंबर २००९ मध्ये कॅनडाच्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने ही हकीकत घरोघर पोहोचवली. 'मुक्ती-उपचार' असे नाव तिला मिळाले. नावात केवढे सामर्थ्य असते पाहा! 'मानेच्या शिरेची फुग्याने रुंदी वाढवणे' असे म्हटले असते, तर किती जणांनी घर गहाण टाकले असते?

कॅनडात रुग्णालयातील उपचाराला पैसे पडत नाहीत. पण सिद्ध न झालेली ही शस्त्रक्रिया करण्यास तिथल्या डॉक्टरांनी नकार दिला. तेव्हा रोगी बाहेर निघाले. पोलंडमध्ये कातोवित्से, बल्गेरियात सोफिया, कोस्टा रिका, मेक्सिको, अमेरिकेतील काही खासगी दवाखाने. आणि आपल्याकडे दिल्ली, बंगलोर, पुणेसुद्धा. गावोगाव मदतनिधी उभे राहिले, चर्चच्या सभागृहात जेवणावळी झाल्या, बायकांनी केक भाजून विकले. आपल्याकडे एखाद्या गरजू मुलासाठी नाटकाचा मदतीचा प्रयोग लावतात, त्यातलाच हा प्रकार.

रक्कम त्या काळी दहा हजार डॉलरांच्या अलीकडे-पलीकडे असे; कुठे कमी, कुठे बरीच अधिक. मग एका देशात कमी आणि दुसऱ्यात जास्त का? फुगा, नळी, तार ही सामग्री थोड्याच मोठ्या कारखान्यांतून येते. तिची किंमत देश बदलला म्हणून दहापट बदलत नाही. बदलतात ती माणसांची वेतने, जागेचे भाडे, चलनाचा भाव, विम्याचा खर्च आणि मध्यस्थाचे कमिशन. म्हणजे दिल्लीतील दर कमी म्हणून तिथला फुगा हलका, असे नव्हे. तिथल्या परिचारिकेचा पगार हलका. हे एकदा समजले की 'स्वस्त म्हणजे वाईट' आणि 'महाग म्हणजे खात्रीचे' या दोन्ही समजुती गळून पडतात.

पण दरपत्रकातील आकडा आणि खरा खर्च यांत फार अंतर असते. समजा, एका ठिकाणी सहा हजार सांगितले आणि दुसरीकडे बारा हजार. सहा हजारांच्या ठिकाणी जायचे तर वीस तासांचा विमानप्रवास. चाकाच्या खुर्चीतला रोगी एकटा जाऊ शकत नाही, म्हणून सोबत एक माणूस. त्याची सुट्टी बिनपगारी. शस्त्रक्रियेनंतर आठ-दहा दिवस हॉटेल. ही बेरीज केली की सहा आणि बारा एकमेकांच्या बरेच जवळ येतात. शिवाय सहा हजारांत तपासणी धरली आहे काय? एक शीर की तीन? शीर उघडी राहावी म्हणून स्टेंट, म्हणजे धातूच्या जाळीची नळी, बसवायची झाल्यास तिचे वेगळे? किराणा मालाच्या दुकानातही आपण वजनात पिशवी धरली की नाही ते विचारतो. इथे विचारायला संकोच वाटतो, कारण समोर डॉक्टर असतो.

याहून मोठी गोष्ट पुनरावृत्तीची. रोहिणीची भिंत जाड, नीलेची पातळ आणि लवचीक. फुगा काढला की ती पुन्हा मिटू पाहते. खुद्द झांबोनींच्या पहिल्या मालिकेत सुमारे दीड वर्षाच्या देखरेखीत मानेच्या नीलांपैकी ४७ टक्के पुन्हा अरुंद झालेल्या आढळल्या. म्हणजे जवळजवळ निम्म्यांपुढे दुसऱ्या फेरीचा प्रश्न होता. दुसरे तिकीट, दुसरे हॉटेल, दुसरे शुल्क. देशोदेशीच्या दरांची तुलना करताना हा आकडा फारच थोड्यांनी हिशेबात धरला असेल. वस्तुतः तो लेख कोणालाही वाचता येण्यासारखा होता.

मग धोका. स्टॅनफर्ड येथे २००९ मध्ये काही रोग्यांना स्टेंट बसवण्यात आले. एकाचा स्टेंट निसटून हृदयात गेला आणि छाती उघडून काढावा लागला. रक्त पातळ करण्याच्या औषधांवर असलेली एक रोगी मेंदूतील रक्तस्रावाने दगावली. आणि तो उपक्रम थांबवण्यात आला. २०१० मध्ये कॅनडातील एक तरुण कोस्टा रिकातून स्टेंट बसवून परतला, स्टेंटपाशी गुठळी झाली, तो पुन्हा तिकडे गेला आणि तिथेच मरण पावला. मे २०१२ मध्ये अमेरिकेच्या औषध-नियामक खात्याने मृत्यू, पक्षाघात, स्टेंट सरकणे, गुठळ्या, मज्जातंतूंना इजा असे धोके नमूद करून जाहीर इशारा दिला.

मायदेशी परतलेल्या रोग्यांची तक्रार अशी की आमच्याच डॉक्टरांनी आम्हांला दारात उभे केले नाही. माझ्या मते ही तक्रार रास्त आहे. ज्याने सल्ला मोडला त्याच्यावर रागवावे. पण त्याच्या मानेतील गुठळी तपासावी. परदेशातील दवाखाना रोगी विमानात बसला की मोकळा होतो. पुढील रक्तचाचण्या, सोनोग्राफी, गुंतागुंत यांचा भार मायदेशीच्या सरकारी तिजोरीवर पडतो, आणि हा भाग कुठल्याच दरपत्रकात छापलेला नसतो.

राजकारणी लोक अर्थातच मागे राहिले नाहीत. सॅस्काचेवान प्रांताने २०१० मध्ये या उपचाराच्या चाचणीसाठी पन्नास लाख डॉलर बाजूला काढले. त्याची पुष्कळ थट्टा झाली. मला मात्र त्यात शहाणपणही दिसते. लोक जाणारच असतील, तर निदान उत्तर तरी मिळावे.

ते उत्तर हळूहळू आले. प्रथम शिराच पुन्हा तपासल्या गेल्या. कॅनडातील संशोधकांनी २०१३ मध्ये लॅन्सेट या नियतकालिकात दाखवले की निम्म्याहून अधिक अरुंद झालेल्या शिरा रोग्यांपैकी ७४ टक्क्यांत होत्या. पण रोग्यांच्या निरोगी भावंडांपैकी ६६ टक्क्यांत आणि परक्या निरोगी माणसांपैकी ७० टक्क्यांत त्या तशाच होत्या. म्हणजे ज्याला रोगाचे मूळ म्हटले, ती निसर्गाची साधी विविधता निघाली. नीला मुळातच मऊ; आपण उठून उभे राहिलो की मानेच्या नीला मिटतात आणि रक्त मणक्यालगतच्या वाटेने उतरते. मान वळवली, श्वास रोखला, तरी त्यांची रुंदी बदलते.

नंतर उपचाराची परीक्षा झाली, आणि तिची पद्धत सांगण्यासारखी आहे. कॅनडात चार केंद्रांत १०४ रोगी घेतले. सर्वांच्या शिरेत नळी घातली. ४९ जणांचा फुगा फुगवला, ५५ जणांचा फुगवला नाही. कोणाचे काय झाले हे रोग्याला ठाऊक नाही, तपासणाऱ्यालाही नाही. ४८ आठवड्यांनी पाहिले तर दोन्ही गटांत फरक नव्हता. न फुगवलेल्या फुग्यानेही कित्येकांना बरे वाटले होते! हे ढोंग नव्हे. आशा, मिळालेली शुश्रूषा आणि रोगाची आपोआप येणारी ओहोटी, या तिन्ही गोष्टी खऱ्याच असतात. मात्र त्यांसाठी मानेत फुगा लागत नाही.

झांबोनी यांनी स्वतःही इटलीत अशीच लपवून केलेली चाचणी चालवली. ११५ रोगी, ७६ जणांना खरा उपचार, ३९ जणांना दिखाऊ. २०१७ च्या नोव्हेंबरात तिचा निष्कर्ष त्यांच्याच नावाने प्रसिद्ध झाला. तंत्र सुरक्षित आहे, परंतु बहुतांशी निष्फळ आहे, आणि या रोगासाठी त्याची शिफारस करता येत नाही. स्वतःच्या पत्नीच्या आजारातून सुचलेली, जगभर गाजलेली कल्पना स्वतःच तपासून असे लिहिणे सोपे नसते, हे मान्य केले पाहिजे.

या चाचण्यांत भाग घेणारा रोगी शस्त्रक्रियेचे शुल्क देत नसतो. देशोदेशीच्या दरांच्या त्या तुलनेत सर्वांत कमी दर, म्हणजे शून्य, हा तिथेच होता. आणि काही बिघडले तर पाहणारे डॉक्टरही तिथेच होते. पण चाचणीत रांग असते, अटी असतात, आणि आपल्या वाट्याला न फुगवलेला फुगा येण्याचा संभव असतो. दहा हजार डॉलर मोजणारा माणूस खरे तर ही अनिश्चितता टाळण्याचे पैसे मोजत होता.

दरम्यान औषधांची वाट वेगळ्याच दिशेने पुढे सरकली होती. या रोगावरचे पहिले इंटरफेरॉन अमेरिकेत १९९३ मध्ये मान्य झाले. त्यानंतर झटके कमी करणारी अनेक औषधे आली. तीही महाग आहेत, काही फारच महाग, आणि त्यांनाही दुष्परिणाम आहेत. पण त्यांची परीक्षा बाजारात येण्यापूर्वी झालेली असते. सुरुवातीपासून सतत चढत जाणाऱ्या प्रकाराला मात्र त्यांतले एकही मान्य झालेले नव्हते, आणि त्या प्रकारचे रोगी विमानतळावर दिसत ते म्हणूनच. कॅनडातील चाचणीचा निकाल मार्च २०१७ मध्ये जाहीर झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस अमेरिकेत ऑक्रेलिझुमॅब या औषधाला मान्यता मिळाली. त्या चढत्या प्रकारासाठी मान्य झालेले ते पहिले औषध.