स्लॅब वाकडला, स्विच साताऱ्याला

काँक्रीट पडायच्या आदल्या काही तासांत इलेक्ट्रिशियनची पोरं स्लॅबवर चढतात. सळयांच्या जाळीतून पीव्हीसी पाइप फिरवायचे, फॅनबॉक्स बांधायचे आणि पाइपांच्या तोंडात कागदाचे बोळे घट्ट कोंबायचे. बोळा सैल राहिला की सिमेंटचं पाणी आत उतरतं, पाइप बुजतो. ते कळतं मात्र कित्येक महिन्यांनी, वायर ओढताना. तोवर बोळा घालणारा पोरगा भलत्याच गावी असतो.

ही भटकंती कामातच आहे. स्लॅबला पाइप, भिंती उभ्या राहिल्या की झिऱ्या, प्लास्टरनंतर वायर, रंगानंतर स्विच. मधल्या काळात पोरं बसवून ठेवणं ठेकेदाराला परवडत नाही. म्हणून तो तीन-चार साईट एकदम धरतो आणि लातूर-नांदेडकडून आलेला हेल्पर आज वाकड, उद्या चाकण, पुढच्या आठवड्यात सातारा असा बॅग घेऊन फिरतो. एकच इमारत पायापासून दिवा लागेपर्यंत त्याला क्वचितच पाहायला मिळते. शिक्षण होतं, पण सुटी पानं वाटेल तशी हातात यावीत तसं.

दिव्याला दीडची वायर, पॉवर पॉइंटला अडीचची, एसीला चारची, हे त्याला पाठ असतं. हे आकडे चौरस मिलिमीटरचे, हे कुणी सांगितलेलं असेलच असं नाही. वाईट सवयीही तो इथंच उचलतो. ड्रिलला पिनटॉप नसला तर वायरची उघडी टोकं सॉकेटमध्ये घालून काडीपेटीच्या काड्या खोचायच्या, हे त्याच्या डोळ्यांदेखत रोज चालतं.

कायद्यातला शिकाऊ उमेदवार वेगळाच. 1961च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात नोंदणीकृत करार असतो आणि विद्यावेतन असतं. 2019च्या सुधारणेनं आयटीआय उत्तीर्णांसाठी ते दरमहा किमान 7,000 रुपये ठरवलं. कायदा त्याला कामगार मानत नाही, तरी काम करताना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकावर टाकतो. साईटवरच्या हेल्परकडे बहुधा यातला एकही कागद नसतो, आणि ही उणीव पुढेच जाचते. सुरक्षा नियमांनुसार नवीन वायरिंग परवानाधारक ठेकेदारानं, परवाना असलेल्या माणसाकडूनच करून घ्यायचं असतं. दहा साईटवर हात बसलेला पोरगा तिथं कोराच ठरतो.

साताऱ्याच्या साईटवर मात्र त्याचा हात कामी येतो. एकजण पंख्याच्या बॉक्समधून वायर ओढायची स्प्रिंग सारतो, दुसरा खाली स्विचबॉक्सशी वाट बघत उभा. चार-पाच फूट जाऊन स्प्रिंग अडते. उलट बाजूनं घालून पाहतात, तरी अडते. मग अंदाजानं पेन्सिलीची खूण करून हेल्पर छिन्नी-हातोडा उचलतो आणि कुणा अनोळखी पोराला शिव्या घालत नवं प्लास्टर फोडायला घेतो.